बिनवासाची मोटार

समस्त करवीरनिवासी बंधू-भगिनी, गाडीवाले, म्हशीवाले आणि चौकात विनाकारण उभे राहणारे यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरी आवाज न करणारी, धूर न सोडणारी आणि कसलाही वास नसलेली मोटार दाखल झाली आहे. ती पाठीमागून आली तरी समजणार नाही. सबब सर्वांनी आपापली म्हातारी माणसे, आपापली जनावरे आणि आपापल्या पायांची बोटे सांभाळावीत. मागाहून तक्रार चालणार नाही होऽऽऽ!

ही दवंडी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर उभं राहून, तेलाचा रिकामा डबा बडवत खरोखर दिली. दोन हजार साल उलटून चार-सहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा चाळिशीत होतो, म्हणजे लाज वाटायचं वय निघून गेलं होतं आणि आदर मिळायचं अजून आलं नव्हतं. बायकोनं आतून कडी लावून घेतली. गल्ली मात्र जमली. कोल्हापुरात माणसं जमायला कारण लागत नाही. डबा बडवला म्हणजे तर रीतसर आमंत्रणच.

समोरचे म्हशीवाले मामा सगळ्यांच्या पुढं आले. त्यांनी मला गाडीचं पुढचं झाकण उघडायला लावलं. आत एक स्टेपनी होती आणि काच धुवायच्या पाण्याची बाटली. मामांनी वाकून बघितलं, मागं जाऊन तिकडचंही झाकण उघडून बघितलं, आणि मग माझ्याकडं फार दयेनं बघितलं.

"इंजान काढून घेतलंय की हो तुमचं."

"इंजिन नसतंच मामा हिला. सीटखाली बॅटऱ्या आहेत. रात्रभर प्लग लावायचा, सकाळी चालवायची."

"म्हंजे ही मोटार न्हवं. मोठी टॉर्च हाय."

"असं म्हणा."

"आणि सायलेन्सर?"

"तोही नाही."

मामा एक पाऊल मागं सरले. आमच्याकडं दिवाळीत म्हशी सजवून पळवतात. पुढं सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल फाडफाड करत जाते आणि त्या आवाजाच्या मागं म्हैस शिंगं उंच करून धावते. मामांची म्हैस तर मालकाच्या गाडीचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून ओळखायची. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, डोळे मिटले आणि निकाल सांगितला.

"माझी म्हस हिच्या मागनं पळायची न्हाय."

गाडीची लायकी ठरवायची यापुढची कसोटी आमच्या गावात नाही. माझी गाडी नापास झाली.

धंद्यात तर शोभाच झाली. मी उद्यमनगरात पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेल्ट आणि बेअरिंगा विकणारा माणूस. मी इंजिन नसलेली गाडी घ्यावी म्हणजे कंगवे विकणाऱ्यानं टकल्यांची कॉलनी बांधायला काढावी. गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारायची, "शेठ, हिच्या रिंगा ठेवता का?" आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारायची. शिवाय ही गाडी पुण्याहून आली ती डिझेलच्या ट्रकवर चढून. तेवढं लांब चालत यायची तिची ताकद नव्हती. पहिल्या दिवशी ती ट्रकच्या धुरात काळी होऊन उतरली, ही गोष्ट मी लोकांपासून लपवून ठेवली. ट्रकवाल्यानं ती सगळ्यांना सांगितली.

आता कारण सांगतो. ही गाडी मी हौसेनं घेतली नव्हती, आणि झाडाझुडपांच्या प्रेमानं तर मुळीच नाही. ती आईसाठी घेतली होती. आईला गाडी लागायची.

गाडी पुष्कळांना लागते. पण आईचं लागणं हे वरच्या दर्जाचं काम होतं. तिला आत बसायचीसुद्धा गरज नसे. गाडीचं दार उघडलं आणि आतला पेट्रोलचा वास बाहेर आला की ती उंबऱ्यातच पांढरीफटक पडायची. नव्वद साल उलटल्यावर मी पहिली गाडी घेतली, तिसऱ्या मालकाच्या हातून आलेली, दुधाच्या सायीच्या रंगाची, दारं तिजोरीएवढी जड. तिच्यातून आईला दर्शनाला नेलं. त्यानंतर बरेच महिने आमची गाडी लग्नकार्याला कुणी मागितली नाही.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. लिंबू हुंगा, लवंग चघळा, आवळासुपारी द्या, वर्तमानपत्रावर बसवा, पुढं बसवा, मागं बसवा, झोपवून न्या. एकानं सांगितलं, गाडीला लोखंडी साखळी बांधून रस्त्यावर लोंबती सोडा, सगळा दोष जमिनीत उतरतो. मी साखळी सोडली. दोष काही उतरला नाही. आम्ही शुक्रवार पेठेतून निघालो की लोक मात्र हत्ती सुटला म्हणून बघायला दारात यायचे.

पुढं ती गाडी देऊन छोटी पांढरी घेतली. सगळ्यांच्याच घरी तेव्हा असायची तशी. तिच्यात आई शिवाजी पुलापर्यंत टिकायची. पंचगंगा ओलांडणं हा आमच्या घरातला मोक्ष झाला होता. शेवटच्या वेळी आम्ही हट्टानं पूल ओलांडला, आणि केर्लीच्या पुढं आईची शुद्धच गेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बाहेर येऊन मला झापलं.

"आईला मारायचं ठरवलंय काय हो? परत गाडीत घालू नका."

आणि नेमकी पुलाच्या त्या बाजूला, रत्नागिरीच्या रस्त्यावर, मलकापुरात, आईची अक्का होती.

माझी ही मावशी आईपेक्षा बरीच मोठी. दोघींची आई लवकर गेली, तेव्हा मावशीनंच आईला कडेवर घेऊन वाढवलं. आईला तिनं नावानं कधी हाक मारली नाही, 'बारकी' म्हणायची. लग्न होऊन मावशी मलकापूरच्या किराणा दुकानदारांच्या घरी गेली. आईला गाडी सोसत नाही म्हणून वर्षातून दोनदा तीच एस.टी.नं आमच्याकडं यायची, पिशवीत गूळ आणि तोंडात शिव्या घेऊन. मग एकदा न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं आणि येणं संपलं. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढाच तिचा प्रवास राहिला.

त्यानंतर तिच्या डोक्यातून माणसं उठून जायला लागली. पंगतीतून एकेक उठून जावीत तशी. आधी शेजारी गेले. मग नातवंडं. मग सून. पोटच्या मुलाला ती दुकानातला गडी समजून "मालकास्नी बोलीव" म्हणायला लागली. तिची सून, माझी वहिनी, फोनवर सांगायची, "भावजी, आता फक्त बारकी राहिल्यात. रोज विचारतात, बारकी कवा येणार?"

आम्ही फोन आईच्या कानाला लावायचो. मावशी पलीकडून ऐकायची आणि ठामपणे म्हणायची, "ही बारकी न्हवं. बारकीचा आवाज असा न्हाय." आई फोन ठेवून देवघरात जाऊन बसायची.

आईचं मागणं एवढंच होतं: पंगत पुरती उठायच्या आत अक्कानं आपल्याला एकदा समोरासमोर ओळखावं. आणि मधे पेट्रोलचा वास उभा होता.

म्हणून बिनवासाची मोटार.

पहिल्या रविवारी आईला रंकाळ्याला फेरी मारायला न्यायचं ठरवलं. तिनं तयारी नेहमीची केली. मुठीत लिंबू, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि चेहऱ्यावर लढाईला निघाल्याचा भाव. डोळे मिटून, तोंड घट्ट बंद करून बसली. मी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही, म्हणजे गाडी सुरू झाली. पेट्रोल गाडी सुरू होताना आधी खोकते, थरथरते, तक्रार करते. आपल्यालाही तेवढा वेळ मिळतो. ही गाडी पाय टेकताच सरकते, एखादा माणूस सभेतून हळूच उठून जावा तशी. मी सवयीनं डावा पाय क्लचवर मारला, तो रिकाम्या जागी आपटला. डावा हात गिअर शोधत आईच्या गुडघ्याशी गेला. रस्त्यावर माणसं बाजूला होईनात, हॉर्न दिला की दचकून म्हणायची, "अवो, कुठनं उगवलासा?"

तळ्याला पुरता वळसा घालून दारात आलो. आईचे डोळे मिटलेलेच.

"बाळा, निघूया की आता. उगंच उशीर नको."

"आई, जाऊन आलो आपण."

तिनं एक डोळा उघडला. दार ओळखलं. दुसरा उघडला. मग आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसून तिनं नाकानं लांब श्वास घेतला.

"कशाचा वास न्हाय."

"नाही."

"सीटच्या रेग्झीनचा हाय जरा."

"तो चालतो?"

"चालतोय की." तिनं मुठीतलं लिंबू माझ्या हातावर ठेवलं. "हे घे, सरबत कर. आणि अक्काकडं चल."

"आत्ता?"

"मग कवा?"

तिथून पुढं गाडीचा खरा स्वभाव कळत गेला. कागदावर ती एका चार्जिंगमध्ये मलकापूर गाठून वर फिरायलाही तयार होती. कागदावर वाघबीळचा चढ नसतो. मी एकटा जाऊन बघून आलो. सपाटीला काटा शहाण्यासारखा उभा होता. चढ लागल्याबरोबर असा खाली आला की त्याला भोवळच आली असावी. आईला गाडी लागायची, गाडीला घाट लागायचा. मी कसाबसा माघारी फिरलो. उतारावर थोडं चार्जिंग परत मिळतं म्हणतात. मला मिळालं ते दूधवाल्या सायकलीनं ओव्हरटेक करून जाताना केलेलं हसू.

त्यात लोडशेडिंग. शहरात तास-दोन तास वीज जायची, खेड्यात अर्धा दिवस. आमच्या खिडकीतून अंगणात काढलेल्या वायरीत कधी वीज असायची, कधी नसायची, आणि शेजारणीनं वाळत घातलेला टॉवेल मात्र कायम असायचा. ओढून काढलं की म्हणायची, "करंट नव्हता म्हणून घातला की." बॅटऱ्या निम्म्याच भरायच्या. महिने गेले. प्रत्येक आठवड्याला वहिनीचा फोन यायचा आणि आई मला काहीच विचारायची नाही, नुसती गाडीकडं बघायची. तिचा तो एवढा विश्वास मला बघवायचा नाही. गाडीत तेवढा दम नव्हता आणि ते आम्हा दोघांत मला एकट्यालाच माहीत होतं.

शेवटी बेत केला. निम्म्याच्या पुढं, बांबवड्याला, माझ्या दुकानातून बेल्ट आणि बेअरिंगा नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाची पिठाची गिरणी होती. त्यांच्याकडं सकाळी वीज असायची. पहाटे निघायचं, गिरणीवर प्लग लावायचा, दुपारपर्यंत चार्जिंग करायचं आणि दिवस असताना मलकापूर गाठायचं. दिवस असताना, कारण आम्ही जैन. सूर्य मावळला की आई घास घेत नाही, आणि मावशीनंही इतकं सगळं विसरून तेवढं एक सोडलं नव्हतं. दोघी बहिणींनी शेजारी-शेजारी बसून जेवायचं, असा निरोप गेला होता.

वजन कमी व्हावं म्हणून मी स्टेपनी काढली, जॅक काढला, पायाखालची रबरी चटई काढली, आणि सरतेशेवटी बायकोला गाळली. ती म्हणाली, "मला सोडून जाणारी गाडी घेतलीत, हे बरं केलंत." पण आईच्या हातात सोलापुरी चादर आणि चकल्यांचा डबा तिनंच दिला.

फाल्गुनातली सकाळ होती. शिवाजी पुलावर आईनं काचेला नाक लावलं. हा पूल तिनं आजवर उघड्या डोळ्यांनी कधी पार केलाच नव्हता.

"एवढं पाणी असतंय व्हय हितं?"

"पावसाळ्यात बघ तू."

"बघू की. आता काय, कवाबी येऊ."

ती बोलायला लागली. आमची आई गाडीत बोलते हेच मला नवीन होतं. शेतं बघून बोलली, म्हशी बघून बोलली, पाट्या वाचून दाखवल्या. आणि वाघबीळच्या पायथ्याशी, डोक्यावर ज्वारीचं बोचकं घेऊन चाललेली एक म्हातारी बघून म्हणाली, "थांबीव."

"आई, वजन होतंय. चढ आहे पुढं."

"थांबीव म्हणते न्हवं? जलमभर लोकांच्या गाड्या घाण करत आले मी. आज माझी गाडी हाय. बसू दे तिला."

म्हातारी बोचक्यासकट मागच्या इवल्याशा सीटवर चढली. गाडी खाली बसली. काटाही.

"लई उपकार झालं पावणं," म्हातारी म्हणाली. "पर हिचा आवाज का येत न्हाय? बंद पडलीया काय?"

"पडेल आता," मी म्हटलं.

चढावर गाडी म्हातारीच्याच चालीनं चालली. वरती पोचलो तेव्हा मी मनातल्या मनात आकडे मोडत होतो. जमलं असतं, अजून जमलं असतं. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "हितनं आत वळा. हे काय, हितंच हाय घर."

आमच्या मुलखात 'हितंच' म्हणजे किती, हे विचारायची पद्धत नाही. मी म्हटलं, "आजी, फाट्यावर सोडतो." आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून चड्डीत शाळेला चाललोय.

"बोचकं घेऊन म्हातारं माणूस फाट्यावर उतरवायचं? दारात सोडल्याबिगर जायचं न्हाय. अक्कानं असं शिकवलं न्हाय मला."

हितंच होतं ते एका डोंगराच्या कुशीत, कच्च्या वाटेनं, खड्ड्याखड्ड्यांतून. दारात सोडलं. दारात सोडल्यावर आत न जाणं म्हणजे अपमान. आत गेल्यावर गूळ-पाणी न घेणं म्हणजे भांडण. आईनं गूळ खाल्ला, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली, त्यांना गाडी दाखवली. "हुंगून बघा," असं त्या सगळ्यांना सांगत होती. ती माणसं ओळीनं वाकून माझी गाडी हुंगत होती. मी आईकडं बघत होतो. इतकी खूश ती माझ्या लग्नातही नव्हती.

बांबवडं दिसलं तेव्हा काटा तळाला चिकटला होता. शेवटचा रस्ता गाडी माणसांनी ढकलली. आई आत बसून त्यांना चकल्या देत होती.

गिरणी बंद होती. दारात दळणाचे डबे ओळीनं मांडलेले आणि गिरणीवाले पावणे पिठानं पांढऱ्या भुवया करून पायरीवर बसलेले.

"लाईट?" मी विचारलं.

"वेळ बदलली की वो कालपासनं. सकाळची काढली, रातची दिली."

"म्हणजे कधी येणार?"

"दिवं लागायच्या टायमाला. येती का न्हाय ते तिची तिला ठाऊक."

मी प्लग हातात धरून उभा होतो. नवऱ्यामुलानं हार घेऊन उभं राहावं आणि नवरीच येऊ नये तसा. गिरणीवाल्यांनी चहा मागवला, पाटावर बसवलं, म्हणाले, "घाबरू नका, राहा की आजच्या रातीला." दुपार सरत गेली. गिरणीतल्या फोनवर मी मलकापूरला कळवलं, तेव्हा वहिनी हळू आवाजात म्हणाली, "भावजी, सकाळपासून दाराकडं तोंड करून बसल्यात. न्याहारी केली नाही. बारकीबरोबरच जेवणार म्हणतात. आज शुद्धीवर आहेत. सारखं नाव घेतायत. उद्याचं मला सांगता येत नाही."

हे आईला सांगितलं. तिनं उन्हाकडं बघितलं. ऊन गिरणीच्या पत्र्यावरून खाली उतरलं होतं.

"ह्या पावण्यांकडं काय हाय दुसरं?"

"दुसरं म्हंजे ट्रॅक्टर हाय, आजी," गिरणीवाले म्हणाले. "पर डिझेलचा. आणि धूर लई मारतोय. रिंगा ग्येल्यात त्याच्या." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्याकडनंच न्यायच्या हुत्या."

"आई, तुला जमायचं नाही," मी म्हटलं. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरची अक्का बसलीया व्हय तितं उपाशी? बांध दोरी."

आणि अशा रीतीनं, मंडळी, विसाव्या शतकाला मागं टाकून निघालेली माझी बिनवासाची, बिनधुराची मोटार उसाच्या ट्रॅक्टरला दोरखंडानं बांधून मलकापूरच्या दिशेनं ओढली जाऊ लागली. गिरणीवाले ट्रॅक्टरवर, मी स्टिअरिंगला, आई शेजारी. समोरून धुराचा काळा लोट निघायचा, वारा तो उचलून थेट आमच्या काचेवर आणायचा. काचा लावल्या तर आत भट्टी. उघडल्या तर डिझेल. आईनं सोलापुरी चादर डोक्यावरून ओढून घेतली, पदराचा बोळा नाकातोंडाशी दाबला. रस्त्याकडेची पोरं ओरडत होती, "आरं, मोटार मेली, मोटार मेली!" मी त्यांना हात हलवून दाखवत होतो. काही सुचेनासं झालं की मी हात हलवतो.

पहिल्या फर्लांगातच तिला लागली. मी ट्रॅक्टरला हॉर्न दिला. ट्रॅक्टरच्या आवाजात माझा हॉर्न मलाच ऐकू आला नाही. दिवे लावावेत तर बॅटरीत दिव्यापुरतंही काही नव्हतं. आई हातानंच खूण करायची, चालू दे, चालू दे. पिशव्या आणल्या नव्हत्या. या गाडीला त्यांची गरज नव्हती ना. तिनं चकल्यांचा डबा रिकामा करून तोच तोंडाशी धरला. नंतर चादर. नंतर नुसतंच कडू पाणी येत राहिलं आणि डोळ्यांतून धार. मधेच तिनं माझा हात धरला. मला वाटलं, थांब म्हणतेय. तर तिनं माझा मनगटावरचा घड्याळाचा हात उन्हाकडं फिरवून बघितला.

मलकापुरात शिरलो तेव्हा सूर्य होता. घरांच्या वर हातभर उरला होता, पण होता. मी एवढं सांगतो की त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो. दोरी सोडली, ट्रॅक्टरनं शेवटचा एक काळा फवारा मारला आणि सगळं गप्प झालं.

वहिनी धावत बाहेर आली. आईला बघून तिनं तोंडावर हात ठेवला. आईचा चेहरा काजळीनं काळा, त्यावर घामाचे ओघळ, डोळे सुजून लाल, केस सुटलेले, लुगड्याला वास. आईनं पाणी घेऊन चूळ भरली, चेहरा पुसायला गेली तर काजळी आणखीच पसरली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. घसा बसला होता. आवाज आमच्या कुणाच्या ओळखीचा नव्हता.

आत सोप्यात मावशी खुर्चीवर बसली होती. धुतलेलं पातळ, चापून विंचरलेले केस. शेजारी आणखी एक खुर्ची, पुढ्यातल्या टेबलावर दोन ताटं वाढलेली, मधे तांब्या. तिची नजर दारावर खिळलेली. इतकी लख्ख नजर मी तिची कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पुढं यायचं बळ नव्हतं. तिनं हसायचा प्रयत्न केला. मावशी तिच्याकडं बघत राहिली. कपाळाकडं, हाताकडं, पायांकडं, पुन्हा चेहऱ्याकडं. उंबऱ्यावरचं ऊन सरकत होतं. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, बघा कोण आलंय." मावशीनं मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला केली, आईच्या पलीकडं रस्त्यावर काही दिसतंय का ते बघायला, आणि वैतागून ओरडली:

"ए बाई, दारातनं जरा सरक की! माझी बारकी यायची हाय, तुझ्यामुळं वाट दिसंना झालीया."